तो सेटल झाला

चौदाव्या वर्षी माझी मुलगी माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडण वगैरे काही नाही. मी मराठीत चार प्रश्न विचारायचे, ती चारही प्रश्नांना मिळून एकदाच, इथल्या मुलांसारखं शेपूट लावून, "ओके लाह" म्हणायची.

अपवाद एकच, इंग्लंडचा एक गायक. स्वतःच गाणी लिहायचा, स्वतःच चाल लावायचा, स्वतःच रडायचा. त्याला एक मुलगी सोडून गेली होती आणि तिच्यावर त्याने अख्खा अल्बम काढला होता. एकाच मुलीवर! आमच्याकडे एवढ्या वेळात आईवडिलांनी दुसरं स्थळ बघून साखरपुडासुद्धा उरकला असता.

संध्याकाळी मी बँकेतून आले की इथे परदेशात, सेरंगून भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी सोफ्यावर बसून त्याला ऐकायचो. इंग्रजीत माझी नोकरी चालते, पण हा पठ्ठ्या अर्धे शब्द गिळायचा. मग ती समजावून सांगायची, चक्क मराठीत. "आई, तो म्हणतोय, तिचा टूथब्रश अजून तिथेच आहे."

"मग टाकून दे म्हणावं मेल्याला."

ती खो खो हसायची. त्या हसण्यासाठी मी त्याचं सगळं करिअर पाठ केलं. पुढे दुसरी मुलगी सोडून गेली आणि दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा जास्त गाजला.

मग त्याने लग्न केलं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बातमी वाचली आणि मला खरंच बरं वाटलं. घरी येऊन म्हटलं, "चला, सेटल झाला बिचारा." नोकरी, इथे कायम राहायचा पीआर, फ्लॅट, लग्न. आपल्याकडे माणसाबद्दल याहून चांगलं काही बोलताच येत नाही.

"सेटल म्हणजे संपला, मा," मुलगी म्हणाली.

तिचंच खरं निघालं. तिसऱ्या अल्बममध्ये तो सुखी होता. बायको, कुत्रा, बागेतले टोमॅटो. एका गाण्यात तर नुसता नाश्ता होता. ती "बोअरिंग लाह" म्हणून उठली आणि खोलीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी सोफ्यावर जाऊन बसले. ती आली नाही.

तेव्हापासून मी देवापुढे हात जोडले की मुलीची परीक्षा, नवऱ्याचं बीपी आणि शेवटी हळूच, त्या दोघांचं जरा बिनसू दे रे बाबा. नवस नाही बोलले, एवढी काही मी वाईट नाही. आणि बिनसलं तर त्याचाही धंदा चालणार होता.

देवाला वेळ लागला, पण ऐकलं त्याने. बायको सोडून गेली, चौथा अल्बम आला. मी ऑफिसातून लवकर निघाले, हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून मुलीच्या आवडीचा कॅरट केक बांधून घेतला, तोच इथला, ज्यात गाजर नसतं, मुळा असतो. घरी पोचले तर ती बूट घालत होती.

"नवा अल्बम आलाय," मी म्हटलं. "ऐकायचा ना?"

"ऑलरेडी हर्ड, मा. विथ माय फ्रेंड्स. सो गुड!" आणि गेली.

मी एकटीच ऐकत बसले. गाणी फार चांगली होती मेल्याची. तू गेलीस, घर तेवढंच आहे, असलंच सगळं. मला रडू आवरेना.

तेवढ्यात नवरा आला. "अगं, काय झालं?"

"त्याची बायको सोडून गेली."

"कुणाची?"

सांगितलं. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "मग तू का रडतेयस?"

"एकटा पडलाय रे तो," मी म्हटलं. "घरात बोलायला कुणी नाही."