काशीनाथचा रॅक

कारखान्यात दोन गोष्टी कुणी न मागवता साठतात. भंगार आणि किस्से. भंगाराला निदान वर्षातून एकदा टेम्पो लागतो. किश्श्यांना गिऱ्हाईक नसतं. ते रिटायर झालेल्या माणसाबरोबर घरी येतात आणि मग घरातल्यांची पंचाईत होते. "हे सगळं बागेतल्या बाकावरच्या मित्रांना सांगा," असा सल्ला मला बायकोनं दिला. "तुम्ही हे लिहून का काढत नाही?" असा सल्ला बाकावरच्या मित्रांनी दिला. दोन्ही सल्ल्यांचा अर्थ मला कळतो.

तर, मी सातपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅच क्लार्क होतो. विजेच्या पॅनेलला लागणारे पत्र्याचे आणि पितळेचे भाग आम्ही करायचो. मालक भाऊसाहेब. सगळा कारखाना ते एका फळ्यावर चालवत. शाळेत असतो तसला काळा फळा, त्यांच्या केबिनबाहेर टांगलेला. आज कुठल्या मशीनवर काय घ्यायचं ते रोज सकाळी खडूनं लिहायचे. दुपारी एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन आला की पुसायचे आणि दुसरं लिहायचे. दिवसभरात रद्द झालेलं उत्पादन संध्याकाळी त्यांच्या शर्टाच्या बाहीवर पांढऱ्या पावडरीच्या रूपात बघायला मिळे.

मग त्यांची मुलगी केतकी पुण्याची नोकरी सोडून आली आणि येताना सॉफ्टवेअर घेऊन आली. माल किती आला, किती उरला, कुठल्या ऑर्डरला किती पत्रा लागेल, कुठलं मशीन काय करतंय, सगळं एका पडद्यावर. भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अट घातली. एका मोठ्या कंपनीची ऑर्डर आम्हाला मिळण्याच्या बेतात होती. त्याआधी त्यांचा ऑडिटर येऊन आमचा साठा तपासणार होता.

"कॉम्प्युटरमध्ये जे लिहिलंय ते रॅकवर सापडलं, तर माझी खुर्ची तुझी," भाऊसाहेब म्हणाले. "एक जरी वस्तू चुकली, तर खुर्ची माझी. आणि फळाही."

"चालेल, बाबा," केतकी म्हणाली.

तिनं तोपर्यंत आमचं स्टोअर आतून पाहिलेलं नव्हतं.

*

स्टोअर शुक्ल गुरुजींच्या ताब्यात. त्र्यंबकेश्वरच्या पूजा सांगणाऱ्या घरातले. त्यांचे भाऊ यजमान सांभाळायचे, हे रोज एसटीनं सातपूरला येऊन नटबोल्ट सांभाळायचे. स्टोअरच्या दारात चपला काढायला लावत नसत एवढंच, बाकी शिस्त गाभाऱ्याची. खिडकीतून मागायचं, खिडकीतून घ्यायचं, आत पाऊल टाकायचं नाही.

केतकी लॅपटॉप घेऊन थेट आत गेली. सॉफ्टवेअरला प्रत्येक वस्तूची जागा सांगावी लागते.

"गुरुजी, आठ एमएमचे बोल्ट कुठे असतात?"

"देवाच्या फोटोखाली."

"वॉशर?"

"मोठे खिडकीच्या अंगाला. बारीक काशीनाथच्या रॅकवर."

"काशीनाथ कोण?"

"होता एक. तो गेला, रॅक आहे."

काशीनाथ दुसऱ्या कंपनीत गेला की कायमचाच गेला, हे आमच्यापैकी कुणालाच नक्की सांगता येईना. केतकीनं रॅकना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली आणि पाट्या लावल्या. लोकांनी ती चटकन शिकूनही घेतली. फक्त सी म्हटलं की समोरचा थांबायचा आणि विचारायचा, "सी म्हणजे काशीनाथचाच ना?" गुरुजीही विचारायचे. शेवटी शेवटी केतकीही विचारायला लागली.

आज सॉफ्टवेअरमध्ये ए आहे, बी आहे, काशीनाथ आहे आणि डी आहे.

*

शिकवणीही केतकीच घ्यायची. तिथं आमचे फोरमन सांगळे पहिल्या बाकावर बसायचे. माणूस सिन्नरकडचा, आवाज प्रेसमशीनवर मात करून करून वाढलेला.

"आता गुरुजी, एक वस्तू टाकून बघा," केतकी म्हणाली. "कुठलीही, उदाहरण म्हणून."

"नसलेली वस्तू मी लिहीत नाही."

"मग असलेली टाका."

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं. काशीनाथच्या रॅकवर त्यांचा जेवणाचा डबा ठेवलेला होता. त्यांनी एका बोटानं टाइप केलं: डबा, स्टील, तीन कप्प्यांचा. नग एक. जागा काशीनाथ. कॉम्प्युटरनं डब्याला कोड दिला, प्रिंटरनं कोडाची चिठ्ठी दिली. ज्याला कोड त्याला चिठ्ठी, हा केतकीचाच नियम. गुरुजींनी ती डब्याच्या बुडाला नीट चिकटवली.

"छान. आता ती वस्तू काढून टाकू," असं म्हणून केतकी खटपट करू लागली. वस्तू निघेना. तिनं सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, आवक झालेली वस्तू पुसता येत नाही, नाहीतर कुणीही माल आणेल आणि नोंद पुसेल.

"म्हणजे आता हा डबा जाणारच नाही?" मी विचारलं.

"नाही ना, काका. एकदा आत आला की अडकून राहतो."

गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "अडकलेल्यांसाठी आमच्याकडे त्र्यंबकला नारायण-नागबळी करतात. भावाला विचारून ठेवू का?"

*

सॉफ्टवेअर म्हणायचं, पितळी पट्टी संपत आली. सांगळे म्हणायचे, "लागंल तेवढी हाय, ताई."

"कुठे आहे?"

"असू द्या ना. हाय म्हनलं ना."

हळूहळू केतकीला उलगडा झाला. आमच्या कारखान्यात प्रत्येक जण अडीनडीला म्हणून काहीतरी दडवून ठेवत होता. सांगळ्यांच्या टेबलाखाली पट्ट्या, वेल्डरच्या पेटीत स्क्रू, ग्राइंडिंगवाल्याच्या लॉकरमध्ये रंगाचा डबा. सगळ्यांचा हेतू शुद्ध होता. ऐनवेळी माल संपला तर काम अडू नये. आणि माल ऐनवेळी का संपतो, तर तो सगळ्यांनी अडीनडीला दडवलेला असतो म्हणून.

केतकीनं जाहीर केलं, "ज्याच्याकडे जे आहे ते आज अंगणात आणून ठेवा. कुणाला काही विचारणार नाही."

आधी कुणी हलेना. मग सांगळे खाकरले आणि एक खोका घेऊन आले. त्यांच्यामागून रांग लागली. दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. महिनाभर जे मागवायचं घाटत होतं, ते सगळं उन्हात चमकत होतं.

सगळ्यात शेवटी भाऊसाहेब केबिनमधून बाहेर आले. हातात पितळी टर्मिनलची पेटी.

"बाबा, हे काय?"

"अडीनडीला," भाऊसाहेब म्हणाले आणि पेटी खाली ठेवून आत गेले.

*

मशीन थांबलं की ऑपरेटरनं पडद्यावर कारण निवडायचं, अशी सोय होती. कारणांची यादी लांबलचक. माल नाही, डाय बदलणे, बेल्ट तुटणे वगैरे. यादीतलं पहिलं कारण 'वीज नव्हती'. कामाच्या माणसाला यादी वाचायला वेळ नसतो. सगळे पहिल्यावर बोट ठेवून मोकळे व्हायचे.

महिनाअखेरीचा रिपोर्ट भाऊसाहेबांनी वाचला आणि ते भडकले. वीज कार्यालयातल्या इंजिनिअरला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला.

"अहो, रोज वीज जाते आमच्याकडे. मशीनं निम्मा वेळ बंद."

इंजिनिअरनं तपासलं. सभ्य माणूस होता. म्हणाला, "साहेब, तुमच्या लाइनवर या महिन्यात वीज गेलेलीच नाही."

"असं कसं? आमचा कॉम्प्युटर सांगतोय ना," भाऊसाहेब गरजले.

त्यांनी सॉफ्टवेअरची बाजू घेतली ती ही पहिली वेळ. केतकीला इतका आनंद झाला, की खरं काय ते तिनं बाबांना दोन दिवस सांगितलंच नाही.

त्यानंतर यादी तिनं छोटी केली. तरी खंडेनवमीला अडलंच. मशीनला झेंडूची माळ, समोर नारळ, आणि सांगळे पडद्यापुढे उभे.

"ताई, पूजेचं कारन न्हाय ह्याच्यात."

केतकीनं विचार केला. "नियोजित देखभाल टाका."

सांगळ्यांनी बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर हाय तिचं. वर्सातून खरी देखभाल आजच व्हती."

*

डिस्पॅचवाल्याला सकाळी लवकर यावं लागतं. तेव्हा इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी त्याला दिसतात.

केतकीनं मशीनांच्या मधोमध मोठा पडदा लावला होता. कुठली ऑर्डर आधी, तिला माल पुरतो का, कुठल्या मशीनवर घ्यायची, सगळं त्यावर यायचं. लोक त्याच्याकडे टीव्हीसारखं बघायचे आणि काम मात्र फळ्यावर वाचून करायचे. सवय. भाऊसाहेब रोज फळा लिहीत होतेच.

पण हळूहळू फळा बदलला. दुपारची पुसापुशी थांबली. ज्या कामाला पत्रा नाही ते काम फळ्यावर येईनासं झालं. गाड्या वेळेवर भरायला लागल्या, आणि माझ्यासारख्या डिस्पॅचवाल्याला गिऱ्हाइकांशी खोटं बोलायची जी कला अवगत होती ती गंजायला लागली.

एका सकाळी मी आत आलो तर भाऊसाहेब फळ्यापुढे उभे. डाव्या हातात मोबाइल, डोळ्यांपासून लांब धरलेला. उजव्या हातात खडू. केतकीच्या पडद्यावरची यादी मोबाइलवर बघून एकेक ओळ उतरवून घेत होते. बारीक अक्षर लागत नव्हतं म्हणून पुटपुटत होते. मी पाय न वाजवता मागे फिरलो, तर दारात केतकी उभी. तिनं ओठावर बोट ठेवलं.

त्याच दिवशी सांगळे म्हणाले, "भाऊसाहेब, आजकाल फळा लय बरोबर सांगतो. पुसावाच लागत न्हाय."

"अनुभव, सांगळे," भाऊसाहेब म्हणाले. "अनुभव."

दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर तिच्या त्या पडद्याची अक्षरं मोठी दिसू लागली.

*

आणि ऑडिटचा दिवस उगवला.

ऑडिटर म्हणून सबनीस मॅडम आल्या. चहा नको, पाणी नको, खुर्ची नको. कॉम्प्युटरपुढे उभ्या राहून त्या स्वतः वस्तू निवडायच्या आणि स्टोअरच्या खिडकीत येऊन मोजायच्या. बोल्ट मोजले, जुळले. पत्रा मोजला, जुळला. पितळी पट्टीला त्या आल्या तेव्हा सांगळ्यांनी वर छताकडे बघायला सुरुवात केली. पट्टी वजनावर घेतली, तीही जुळली. टर्मिनल जुळले, तेव्हा भाऊसाहेबांनी नकळत मान डोलावली आणि मग ती थांबवली.

"झालं वाटतं," केतकी माझ्या कानाशी म्हणाली.

"एक शेवटची," सबनीस मॅडम म्हणाल्या. "पडून असलेला माल मी नेहमी बघते. ही बघा, आवक झाल्यापासून ही वस्तू एकदाही हललेली नाही. दाखवा."

केतकीनं पडद्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पत्र्यासारखा झाला. रोज त्र्यंबकहून एसटीनं येणारी आणि एसटीनं परत जाणारी आमच्या स्टोअरमधली ती एकच वस्तू, आणि सॉफ्टवेअरच्या मते ती जागची हललीच नव्हती.

भाऊसाहेबांनी फळ्याखालचा खडू उचलला.

"डबा, स्टील, तीन कप्प्यांचा," मॅडम वाचत होत्या. "नग एक. जागा काशीनाथ. काशीनाथ कोण?"

"तो गेला," आम्ही सगळे एकदम म्हणालो. "रॅक आहे."

गुरुजी आत गेले. जेवणाची सुट्टी व्हायची होती. दोन्ही हातांत नैवेद्यासारखा धरून त्यांनी डबा आणला आणि खिडकीत ठेवला. मॅडमनी कोड शोधला, दिसला नाही.

"बुडाला आहे," गुरुजी म्हणाले. "पण उलटा करू नका, आमटी आहे."

मॅडमनी डबा डोक्याच्या वर उचलला आणि खालून वाचला. कोड जुळला. नग जुळला. जागा जुळली. त्यांनी खूण केली. मग थोडं थांबून वरचं झाकण उघडलं. मेथीची भाजी होती. झाकण लावलं, आणि उभ्याउभ्या बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या.

आठवड्यानं ऑडिटचा अहवाल आला. भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये केतकीनं तो उभं राहून वाचला. मी आणि सांगळे दारात.

"निवडलेल्या सर्व वस्तूंचा साठा जुळतो," तिनं वाचलं. "निरीक्षण एकच. डबा, स्टील, तीन कप्प्यांचा, या वस्तूची शेल्फ लाइफ, म्हणजे माल टिकण्याची मुदत, सिस्टिममध्ये भरलेली नाही. ती भरून कळवावे."

भाऊसाहेबांनी कागद मागून घेतला. चष्मा लावून स्वतः वाचला. मग खुर्चीतून उठले आणि कागद टेबलावर खुर्चीच्या समोर ठेवला.

"याला उत्तर मालकानं द्यायचं असतं," ते म्हणाले. "बस. आणि बघ काय ते."

ते बाहेर निघून गेले. केतकी खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकली. तिनं स्टोअरचा फोन लावला.

"गुरुजी, डब्याची मुदत काय टाकू?"

पलीकडून गुरुजी म्हणाले, "भाजीची सांगू की आमटीची?"