अडुसष्ट गुणांचा निबंध

इंग्रजी वाङ्मयाच्या पेपरात साठांच्या वर बुद्धी असते, सत्तरांच्या वर प्रतिभा, आणि ऐंशीच्या वर फक्त परमेश्वर. हे मत नागपूरच्या आमच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांचं. पेपर तपासणीच्या पहिल्या दिवशी ते दर वर्षी हे वाक्य उभं राहून म्हणत. मग खाली बसत आणि शेजारी मोबाइलवर क्रिकेटची मॅच लावून एका दुपारी पन्नास उत्तरपत्रिका संपवत. शेवटच्या षटकांत बुद्धीचेही फार हाल होत.

त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. म्हणजे घेतलेल्या तासाचं मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दर जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, समोर तीच माणसं आणि त्यांचा तोच प्रश्न, ‘आपला अनुभव?’ चव्वेचाळिसाव्या वर्षी एका एजन्सीची जाहिरात पाहून मी ॲरिझोनातल्या चँडलर गावी नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला आलो. व्हिसावर सांस्कृतिक देवाणघेवाण असं लिहिलं होतं. त्यांना आपल्या मुलांना इंग्रजी शिकवायला माणूस मिळत नव्हता आणि मला माझ्या देशात तेच शिकवायला जागा मिळत नव्हती. देवाणघेवाण एवढीच.

करार एका वर्षाचा होता. मार्चमध्ये शाळा पत्र देणार. मुदतवाढ मिळाली तर आणखी एक वर्ष, नाही तर जूनमध्ये परत. परत कुठे, हा प्रश्न होता. नागपूरचे माझे तास मी निघालो त्याच आठवड्यात माझ्याच एका विद्यार्थ्याला मिळाले होते. त्याने फोन करून आशीर्वाद मागितले. मी दिले. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही राहिलं नव्हतं.

सकाळी साडेसहाला, म्हणजे नागपूरला संध्याकाळी सातला, बायकोचा व्हिडिओ कॉल येई.

“अहो, पत्राचं काही कळलं?”

“अगं, ऑक्टोबर आहे. पत्र मार्चमध्ये.”

“हो, पण एखाद्याचं काम चांगलं असलं तर आधी देत असतील.”

“देत नाहीत.”

“तुम्ही विचारलं का?”

मी विचारलं नव्हतं. अकरा वर्षांत एवढं मात्र शिकलो होतो, की विचारलं की लोकांना आपण आहोत हे आठवतं, आणि ते नेहमीच फायद्याचं नसतं.

शाळेत शिरताच भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: प्रत्येक विद्यार्थी, प्रत्येक दिवशी, उत्कृष्टतेकडे. त्याखाली थंड पेयांचं मशीन होतं. माझ्या तिथल्या पूर्ण वर्षात ते बंद होतं. मुख्याध्यापिका उंच, हसऱ्या आणि सतत घाईत असत. सगळ्यांशी त्या माझी ओळख ‘आमचे आंतरराष्ट्रीय शिक्षक’ अशी करून देत. आमच्याकडे पुतळ्याचं अनावरण करताना हार घालणाऱ्याचा जो आवाज लागतो, तो त्यांचा तेव्हा लागे. बाकी मी घरून चाळीस मिनिटं छत्री घेऊन चालत शाळेत जाई, आणि गाडीतून जाणारे पालक वेग कमी करून माझ्याकडे बघत. तिथे उन्हात चालणारा माणूस म्हणजे ज्याची गाडी बिघडली आहे किंवा ज्याचं डोकं. नागपूरच्या माणसाला उन्हाचं काही वाटत नाही. मला त्रास वर्गातल्या एसीचा होई.

ऑक्टोबरात मी मुलांना पहिला निबंध दिला: तुमच्या ओळखीची एक जागा. चौतीस निबंध आले. शनिवार-रविवार बसून मी एकेक दोनदा वाचला, समासात बारीक अक्षरांत लिहिलं, आणि सोमवारी शाळा सुटल्यावर सगळे गुण पोर्टलवर भरले. मी मोठ्या मनाने तपासले होते. बहुतेकांना साठ ते चौसष्ट, म्हणजे वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं फर्स्ट क्लासात. नागपूरला अशी बॅच निघाली असती तर आम्ही फोटो काढून घेतला असता.

पोर्टलवरचे गुण पालकांना फोनवर त्याच क्षणी दिसतात, हे मला माहीत होतं. चहा गरम करून परत येईपर्यंत अकरा ईमेल आले होते. तिथे नव्वदला चांगलं म्हणतात, सत्तरला काळजी करतात आणि साठाच्या खाली नापास. माझे फर्स्ट क्लासवाले काठावर पास झाले होते. हे मला आधी कुणी सांगितलं नाही असं नाही. ऑगस्टच्या प्रशिक्षणात एका रंगीत तक्त्यावर दाखवलं होतं. मी तो तक्ता पाहिला, मान डोलावली आणि पुढे विसरलो. अकरा वर्षं ज्या हाताने साठ लिहिले, तो हात तक्ता बघत नाही.

सगळ्यात जास्त गुण होते अडुसष्ट. ते एका मुलीचे होते. तिचे वडील पुण्याचे, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मुलगी दर शनिवारी मराठी शाळेत जाई, तरी बोलायची इंग्रजीतच. तिने गॅरेजबद्दल लिहिलं होतं. भारतातून सामान आलं तेव्हाची सात खोकी तिथे नऊ वर्षं न उघडता पडली आहेत. वरची अक्षरं आईची आहेत, शाई उडत चालली आहे. बाबा म्हणतात, ग्रीन कार्ड आलं की उघडू. शेवटचं वाक्य असं होतं, की आत काय आहे हे आता घरात कुणालाच आठवत नाही, पण जागा बदलताना सगळे ‘सांभाळून’ म्हणतात. मी खाली लिहिलं होतं, ‘चांगला प्रयत्न.’ आमच्या विभागात याच्या वरचा शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली. चौदा वर्षांची, दप्तर दोन्ही खांद्यांवर, चेहरा कोरडा.

“सर, माझं चुकलं कुठे?”

“कुठेच नाही.”

“मग बत्तीस मार्क कुठे गेले?”

मी तोंड उघडलं. परमेश्वराचा मुद्दा ओठांपर्यंत आला होता. इंग्रजीत तो म्हणण्यासारखा वाटेना, म्हणून पुन्हा आत घेतला.

गुरुवारी मुख्याध्यापिकांनी मला आणि तिच्या वडिलांना बोलावलं. पालकांतर्फे तेच येणार होते. आम्ही बाहेर खुर्च्यांवर वाट बघत बसलो होतो तेव्हा ते माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, “सर, मला सगळं कळतंय हो. मी स्वतः एकसष्ट टक्क्यांवर इंजिनियर झालोय. आईने आख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. एवढं एक वाक्य त्यांनी आत इंग्रजीत म्हटलं की झालं. बाईंना कळेल की मी मुलांना नापास केलं नाही, माझ्या परीने गौरवलं. “एवढंच आत सांगाल का?” मी म्हटलं. ते म्हणाले, “ऑफ कोर्स, सर.”

आत गेल्यावर त्यांनी पायावर पाय टाकला आणि म्हणाले, की पालकांना मूल्यमापनातल्या सातत्याची चिंता वाटते. बाई लिहून घेत होत्या. वडिलांनी सातत्य हा शब्द चारदा वापरला. पेढ्यांचा विषय निघाला नाही. मग मीच आमच्याकडची पद्धत समजावून सांगितली. ती आरोपीने सांगितली की कशी वाटते, हे मला बाईंच्या चेहऱ्यावर दिसलं.

पार्किंगमध्ये ते मागून धावत आले.

“सर, प्लीज, मनाला लावून घेऊ नका. मी तुमची बाजू घेतली असती तर त्यांना वाटलं असतं, हे आपले आपले एक झाले. आणि पोरीच्या कॉलेज ॲडमिशनला नववीपासूनचे ग्रेड्स लागतात, यार. रविवारी जेवायला या. बायको पुरणपोळ्या करतेय.”

मी गेलो. ऑगस्टपासून मी खिचडी आणि ब्रेडवर होतो, आणि तत्त्व आणि पुरणपोळी यांत मी कधीच फार वेळ घेतलेला नाही. हात धुवायला जाताना गॅरेजचं दार उघडं होतं. खोकी मोजली. सातच होती.

बाईंनी सगळे निबंध ‘नव्या दृष्टीने’ पुन्हा तपासायला सांगितले. मी दृष्टी वगैरे बदलली नाही. प्रत्येकात सत्तावीस मिळवले. दहा मिनिटांत वर्ग उत्कृष्टतेकडे पोहोचला. बाईंनी ईमेलमध्ये माझ्या लवचीकतेचं कौतुक केलं.

मुलगी पुन्हा टेबलापाशी आली.

“आता पंच्याण्णव आहेत.”

“हो.”

“तुम्ही पुन्हा वाचला?”

खोटं बोलणं सोपं होतं. “नाही,” मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू तिला हेच अपेक्षित होतं, आणि गेली. त्या संध्याकाळी मी तो निबंध खरोखर पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना शेवटच्या वाक्यावर थांबलो. दुसऱ्या दिवशी कागद मागून घेतला आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लहान अक्षरांत ७१ लिहिलं.

“हे शंभरापैकी?” देवनागरी आकडे तिला येत होते.

“शंभरापैकी. एवढे मी आजवर कुणाला दिले नाहीत.”

“बाबांना सांगत नाही,” ती म्हणाली, आणि कागद घडी करून वहीत ठेवला. त्या वर्षी मी शिक्षक म्हणून काही केलं असेल तर तेवढंच.

फेब्रुवारीत बाई माझं मूल्यमापन करायला माझ्या तासाला मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसल्या. त्या आत आल्या तशी मी सवयीने त्यांना माझी खुर्ची दिली आणि तासभर उभं राहून शिकवलं. त्यांनी ती घेतली नाही. रिकाम्या खुर्चीशेजारी उभा असलेला मी, असा तो तास झाला. घरी आल्यावर मी मूल्यमापनाचा फॉर्म पुन्हा वाचला आणि प्रत्येक ओळीपुढे स्वतःला गुण देऊन पाहिले. रोज पाहत होतो. बायको रोज विचारत होती. मी माझ्या मुलाचा आवाज कॉलवर ऐकायचो, तेव्हा तो काय बोलतोय याच्याऐवजी मार्चला किती दिवस राहिले तेच डोक्यात मोजत असे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंनी बोलावलं. दार लावलं. टेबलावर कागदी रुमालांचा डबा माझ्या बाजूला सरकवला.

“तुमची सरासरी चारपैकी दोन पूर्णांक सात आली आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी मनात भागाकार केला. साडेसदुसष्ट टक्के. क्षणभर, अगदी क्षणभरच, मला फार बरं वाटलं. मी हसून त्यांचे आभार मानले. त्या गोंधळल्या, मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, की इतक्या खिलाडूपणे हे कुणीच घेतलं नव्हतं. मुदतवाढीला तीन लागत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला.

“आलं पत्र?”

“आलं.”

पुढचं तिने माझ्या चेहऱ्यावरून वाचलं. मागे मुलगा अभ्यास करत होता. त्याने मान वर केली नाही. “बरं,” ती म्हणाली. “सरांना फोन करा. आजच करा. जुलैची यादी आत्ताच ठरते.”

निवृत्त होऊनही विभागप्रमुख निवड समितीवर होते. मी फोन केला. सगळं सांगितलं: अडुसष्ट, सत्तावीस, दोन पूर्णांक सात. त्यांच्यामागे क्रिकेटचं समालोचन चालू होतं.

“सर, यंदा काही तास?”

“तास भरले रे. विद्यार्थी चांगला शिकवतो तुझा. तरी अर्ज टाकून ठेव, मुलाखतीला बोलावू.”

“हो सर.”

“आणि मनाला लावून घेऊ नकोस. साडेसदुसष्ट म्हणजे चेष्टा आहे का? मला एम.ए.ला चौपन्न होते.”