दोघांच्या गोळ्या

लोणंदच्या बाजारात, कांद्याच्या वखारीत अंजना वाढली. व्यापाऱ्यांशी हुज्जत घालत मोठी झाल्यामुळे तिला हळू बोलता यायचं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन ती उंब्रजला आली. नवरा लालासाहेब रस्त्याकडेला जळालेल्या विजेच्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान चालवायचा. हात कसबी, पण घरात आईच्या शब्दाबाहेर नाही.

मुलगी झाली आणि वर्षभरानं अंजनाच्या अंगावरून पांढरं जायला लागलं. वास यायचा, खाज अशी की बसवेना. सासू बनुबाईंनी आधी तांदळाचं धुवण पाजलं, मग दूर्वांचा रस. गुण येईना, तेव्हा चुलीपासून उठवलं.

"अंगातनं जातंय म्हंजी इटाळच की. आन बाईचं सत्त्व असं गळाय लागल्यावर हिला पोरगा व्हनार हाय व्हय?"

"आत्याबाई, दुखणं हाय ते. दुखण्याचा इटाळ आसतोय का?"

"लय बोलतीस. पुढल्या बाजारापतूर बरी झालीस तर ठीक, न्हाईतर लाला तुला लोणंदला सोडून येईल. पोरगी हितंच ऱ्हाईल."

शेवटचं वाक्य अंजनाच्या काळजात रुतलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच कुणाला न विचारता तिनं एस.टी. पकडली आणि कराडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तपासलं आणि सांगितलं, जंतूंमुळे होतं हे, औषधानं जातं. गोळ्यांच्या दोन पुड्या दिल्या. एक तिची, एक नवऱ्याची. त्याला त्रास नसला तरी त्यानंही घ्यायच्या, नाहीतर त्याच्याकडून पुन्हा होईल.

लालासाहेब हसला. "मला काय झालंय? बायकांचं औषिद मी खाऊ?" पुडी त्यानं फळीवर टाकून दिली.

अंजनाला आराम पडला आणि थोड्याच दिवसांत सगळं परत सुरू झालं. बनुबाईंना तेवढंच हवं होतं. त्यांनी सुनेच्या लुगड्यांचं गाठोडं बांधून उंबऱ्यापाशी ठेवलं. अंजनानं त्याच्याकडे बघितलंही नाही. फळीवरची पुडी घेतली आणि ती थेट दुकानात गेली.

दुकानात गिऱ्हाईक होतं, केरबातात्या. त्यांच्या कडबाकुट्टीची मोटर लालासाहेबानं नुकतीच चालवून बंद केली होती. आता तो स्क्रू-ड्रायव्हरच्या पात्यानं कंडेन्सरची दोन टोकं जोडत होता. चट्ट करून ठिणगी उडाली.

"मोटर तर बंद हाय," अंजना म्हणाली. "मग ही ठिणगी कुठनं आली?"

आपल्या कामाचं कुणी विचारलं की तो खुलायचा. "बंद झाली तरी आत करंट साठून ऱ्हातो. तो काढल्याबिगर हात लावला तर माणूस फेकलं जातंय."

"वरनं कळत न्हाई?"

"वरनं कसं कळंल?"

तिनं पुडी त्याच्यासमोर ठेवली. "मग तुमचं कसं कळलं तुमाला? माझं जातंय ते दिसतंय, तुमचं दिसत न्हाई, एवढाच फरक. मी औषिद खाऊन बरी व्हते, आन तुमच्याकडनं परत माझ्याकडं येतंय. मोटरीला हात लावताना एवढं जपता. बायकोला लावताना?"

केरबातात्यांनी टोपी उचलली. "लाला, मी जरा च्या पिऊन येतो रं."

"बसा तात्या. तुमच्या घरीबी सुना हायत. ऐकून जावा."

तात्या परत टेकले. लालासाहेबाचे कान लाल झाले. "घरी बोलू की गं."

"घरी आत्याबाई बोलत्यात, तुमी नुसतं ऐकता. गोळी घ्या. मीबी नवी पुडी आनून परत घेनार. तुमची पुडी संपंस्तवर रोज हितं येनार मी, गिऱ्हाईक असू दे न्हाईतर नसू दे. आन तवर माझ्या अंथरुणाकडं यायचं न्हाई."

लालासाहेबानं एकदा तात्यांकडं बघितलं, एकदा पुडीकडं. मग माठातलं पाणी घेऊन गोळी गिळली.

"च्या बेस हुता," तात्या न प्यायलेल्या चहाबद्दल म्हणाले.

अंजना घरी आली. उंबऱ्याजवळचं गाठोडं ओलांडून ती आत गेली, हात धुतले आणि चुलीपुढे बसून पिठात पाणी घातलं. बनुबाई दारातच थबकल्या.

"आत्याबाई, भाकरी मी थापतीय," ती म्हणाली. "ज्याला इटाळ वाटतोय त्यानं आज उपाशी ऱ्हावं."

रात्री लालासाहेबानं तिच्या हातची भाकरी मागून घेतली. आई बघत होती तरीही.