बावीस नावं मी वगळली

आई पानावरून बोट फिरवत होती. शाळेच्या पटांगणात, मांडवाच्या कडेला, सतरंजीवर बसून. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेली स्मरणिका नुकतीच वाटली होती. तिनं थेट श्रमदानाची यादी काढली. आई दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लावत लावत वाचते. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. तिनं पान उलटलं. पलीकडं खताच्या दुकानाची जाहिरात होती. ती पुन्हा मागं आली.

शाळा समितीचे आप्पा तिथंच उभे होते. आईपेक्षा दहा वर्षांनी लहान.

"तारे, काय हुडकती? तुज्यासाठी येगळं पान काढायचं व्हतं व्हय?"

दोघंतिघं हसले. आई म्हणाली, "न्हाई आप्पा. शेवटच्या दोन खोल्यांचे दगड आमच्या वस्तीनं वाहिले व्हते. तुमाला ठावं हाय. म्हनून बघत व्हते."

"मग दगडावर बघ की."

पुन्हा हसले. आईनं पदर सारखा केला आणि स्मरणिका मिटली.

मी तिच्यापासून पाच पावलांवर होते. खांद्यावर शाल, हातात नारळ. गावच्या लेकीनं स्मरणिका सुरेख केली म्हणून थोड्या वेळापूर्वी आप्पांनीच माझा सत्कार केला होता. तोंड उघडलं असतं, तर पहिलं खरं माझ्याबद्दलच बोलावं लागलं असतं.

आईचं नाव मीच वगळलं होतं.

आमचं गाव दौंड तालुक्यात, राहू गावाच्या पुढं. मी दौंडला स्टेशनजवळच्या एका प्रेसमध्ये पानं लावते. लावत होते. सहा वर्षं. कॉम्प्युटरवर पान लावायचं म्हणजे मजकूर चौकटीत ओतायचा. मजकूर चौकटीपेक्षा जास्त झाला की खाली उजव्या कोपऱ्यात बारीक लाल अधिक चिन्ह येतं. म्हणजे अजून ओळी आहेत. त्या फाईलमध्ये असतात, पण दिसत नाहीत आणि छापल्या जात नाहीत. नवीन ऑपरेटर आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच शिकवायची. पीडीएफ काढायच्या आधी प्रत्येक पानावर लाल अधिक शोध. उरलेल्या ओळी आत घे. मगच पुढं जा.

श्रमदानाची यादी हातानं लिहून आली होती. गावात पंगत वाढतात त्याच क्रमानं. आधी वरची आळी, मग मधली आळी, शेवटी आमची बौद्ध वस्ती. यादीला दोन पानं दिलेली. दुसऱ्या पानासमोर आप्पांचा पानभर फोटो. आप्पांच्या वडलांना, आबांना, बारीक दिसत नाही म्हणून अक्षर मोठं, चौदा पॉइंटचं. यादी ओतली आणि लाल अधिक आलं. बावीस नावं बाहेर. सगळी वस्तीची. त्यातलं चौथं आईचं.

उपाय मला येत होते. दोनाचे तीन रकाने केले असते, तर बसली असती. ओळींमधलं अंतर थोडं कमी केलं असतं, तरी बरीच आत आली असती. फोटो अर्ध्या पानाचा केला असता, तर काहीच हलवावं लागलं नसतं. मी शेठना, म्हणजे प्रेसच्या मालकांना, सांगितलं. त्यांनी आप्पांना फोन लावला. स्पीकरवर.

"खाली कोन राह्यलंय?"

"वस्तीची बावीस."

"मग ऱ्हाऊ द्या. कोन वाचतंय तिथं. फोटूला मातर हात लावू नका."

शेठ माझ्याकडं न बघता म्हणाले, "झालं. काढ पीडीएफ."

मी कुठल्या वस्तीची, हे दोघांनाही माहीत होतं. माझ्यादेखत बोलताना एकालाही अडखळल्यासारखं झालं नाही. त्यांना खात्री होती की ही बोलणार नाही. त्यांची खात्री खरी ठरली. अडवलं फक्त मशीननं. सूचना आली, मजकूर बाहेर राहिला आहे, तरी पुढं जायचं का. मी हो दाबलं.

आणि मी कोण? जयंतीच्या पत्रकांवर वाचायला शिकलेली पोरगी. वडील गठ्ठा घरी आणायचे, मी घड्या घालायची आणि घालता घालता वाचायची. कॉलेजात मी स्वतः पत्रकं लिहिली. आम्हाला इतिहासातून पुसलं, असं लिहिलं. पुसणारा हात माझ्या पत्रकात कायम दुसऱ्याचा असायचा.

कार्यक्रमाहून घरी आल्यावर आईनं विचारलं, "तुला ठाव व्हतं का?"

"न्हाई गं. कॉम्प्युटरनं खाल्ली नावं."

तिनं विश्वास ठेवला. शेजारणीला सांगितलं, "पोरीची चूक न्हाई, मशीनचं हाय." मी आत बसून ऐकत होते. आप्पांच्या हसण्यानं झाला नव्हता एवढा अपमान त्या वाक्यानं झाला. तो मी मिळवला होता.

आठवड्यानं आप्पा प्रेसमध्ये आले. शाळेच्या फाटकात श्रमदानाची पाटी बसवायची होती. संगमरवरी, नावं कोरलेली. "तीच फाईल द्या," म्हणाले. पुस्तक फाटतं, हरवतं. दगड राहतो. पुढची पोरं तोच वाचणार.

मी फाईल उघडली. तीन रकाने केले. बावीसच्या बावीस आत आली. स्क्रीन त्यांच्याकडं फिरवला.

"आप्पा, ही नावं घेऊनच फाईल जाईल. न्हाईतर मी देनार न्हाई."

आप्पा शेठकडं बघून म्हणाले, "सत्कारानं फुगली वाटतं." मग माझ्याकडं वळले. "आन् आता बसत्यात, तर तवा का न्हाई बसवली?"

प्रश्न बरोबर होता. त्यांच्या तोंडून आला, तरी बरोबर होता.

"भ्याले म्हनून," मी म्हणाले. "तुमाला भ्याले. नोकरीला भ्याले. तवा तुमी सांगितलं आन् मी केलं. आता करनार न्हाई."

शेठ म्हणाले, "उद्यापास्नं येऊ नको."

उठण्याआधी मी एक कागद छापून घेतला. वर एक ओळ, 'ही नावं स्मरणिकेतून मी वगळली.' खाली बावीस नावं. तळाशी माझं पूर्ण नाव. फाईल आता दुसरा कुणीतरी देईल, हे मला कळत होतं.

घरी आई ज्वारी निवडत होती. मी कागद तिच्यापुढं ठेवला.

"आई, कॉम्प्युटरनं न्हाई खाल्ली. मला दिसत व्हतं. मीच पुढं जाऊ दिलं."

तिनं वर बघितलं नाही. सूप खाली ठेवून कागदावरून बोट फिरवलं.

"मला येकलीला काय सांगती," ती म्हणाली. "बाकीच्या एकवीस जनांकडं जा."

जवळ घेतलं नाही. घ्यायला नकोच होतं.

उद्या सकाळपासून जाते. काहीजण वारलेत, त्यांच्या पोरांना सांगेन. कुणी दार लावेल, कुणी तोंडावर थुंकेल. प्रत्येक उंबऱ्यावर मी काय केलं ते आधी सांगणार. एकवीस झाले की ग्रामसभेत उभी राहणार आणि पाटी थांबवणार. तिथं आप्पांचं नाव घेईन. त्याआधी ते घ्यायचा मला हक्क नाही.