नथ्थूभाऊच्या घरचं सारवण

नथ्थूभाऊच्या पायाखाली कधी छपराचं कवेलू, म्हणजे मातीचं कौल, फुटलं नाही. एके काळी आमच्या गावात ही मोठी गोष्ट होती. आता ऐकणाऱ्याला तिचं काही वाटत नाही, कारण त्याचं एक घर सोडलं तर गावात कवेलूच उरलं नाही. चामोर्शीच्या बाजारापासून आत वळलं की आमचं गाव. सरकारी घरकुलं आली, कवेलूंच्या जागी स्लॅब आले. माझं घरही त्यातलंच. मी अंगणवाडी चालवते, नथ्थूभाऊच्या शेजारी राहते आणि स्लॅबखाली सुखानं झोपते. तेव्हा जुन्या घरांसाठी गळा काढायचा मला अधिकार नाही.

पूर्वी वैशाखात सगळी गल्ली एकेकाच्या घरी जमून छप्पर फेरायची. वानरं वर्षभर नाचून कवेलू सरकवतात, फोडतात. ती सगळी उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढून पुन्हा रचायची. आज तुझं घर, उद्या माझं. मजुरी कोणी मागायचं नाही, घरधन्यानं वांग्याची भाजी आणि भात घातला की झालं. आढ्यावर चढायचा मान नथ्थूभाऊचा. खालून हातोहात कवेलू वर जायची आणि हा बाबा वर बसून गावातल्या एकेका लग्नाची टिंगल करत ती बसवायचा. बायका खालून शिव्या घालायच्या आणि हसायच्या.

घरकुलाची पहिली पाहणी झाली तेव्हा त्याची बायको आशाबाई हिनं जे केलं, ते आमच्याकडची कुठलीही बाई करेल. साहेब दाराशी येणार म्हटल्यावर तिनं भिंतींना पांढरी माती दिली, खाली गेरूचा पट्टा ओढला, अंगण शेणानं सारवलं. छप्पर तर नुकतंच फेरलेलं. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला आणि घर गळतं का विचारलं. नथ्थूभाऊला वाटलं, हा माणूस आपल्या कामावर शंका घेतो आहे.

"माह्या हातचं छप्पर गळत नाई, साहेब," तो म्हणाला.

गावाला घरकुलं मिळाली. त्याचं नाव राहून गेलं.

त्यानंतर तो एकटाच छप्पर फेरत आला. लोक वाईट नाहीत, पण स्लॅबवाल्याला कवेलूचं काम उरलं नाही, मग हाताचं उसनं तरी कोण कशाला घेईल आणि फेडेल? त्यात वैशाख म्हणजे तेंदूपत्त्याचे दिवस, सगळे पहाटेच जंगलात. नथ्थूभाऊचे गुडघे गेले, मागची भिंत फुगली. त्यांना मूलबाळ नाही. आशाबाईला दमा आहे, आणि पावसाळाभर ती कोरड्या कोपऱ्याच्या शोधात खाट ओढत फिरायची. या वयात तिच्या डोक्यावर धड छप्पर असावं, एवढंच नथ्थूभाऊला हवं होतं.

यंदा पुन्हा पाहणी होणार असं कळलं. ग्रामपंचायतीतला निकेश मुद्दाम सांगायला आला. पोरगा मनानं चांगला आहे. तो म्हणाला, "भाऊ, या टायमाले घर चांगलं दिसलं तं पुन्हा नाव जाते. मांगच्या बाजूचे कवेलू काढूनच टाका."

नथ्थूभाऊ त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी शिडी लावून वर चढला आणि स्वतःच्या हातानं रचलेलं छप्पर उतरवत गेला. उतरवलेली कवेलू त्यानं कुंपणापाशी नीट लावून ठेवली, पुन्हा चढवायला सोपी जातील अशी.

साहेब आले नाहीत. आधी कोणी रजेवर गेलं, मग कुठलं तरी प्रशिक्षण निघालं. सरकारी काम, सहा महिने थांब, असं आपण हसून म्हणतो. ज्याचं छप्पर उघडं पडलं आहे त्याला हसू येत नाही. मी त्याला म्हटलं, कवेलू परत चढवा, मी माणसं गोळा करते. तो ऐकेना. साहेब नेमके त्याच दिवशी आले आणि घर धड दिसलं तर, हीच त्याची भीती. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात ते हेच. मला निकेशचा राग आला, साहेबांचा आला आणि नथ्थूभाऊचाही आला.

मी दिलेली ताडपत्री वाऱ्यानं नेली. साहेबांच्या आधी पाऊस आला, आणि वरून भिजलेली मातीची भिंत एका दुपारी खाली बसली. आशाबाई तेव्हा माझ्या चुलीपाशी होती म्हणून वाचली. दोघांना मी माझ्याकडे ठेवून घेतलं. माझ्या स्लॅबचा एक कोपरा पाझरतो. नथ्थूभाऊ खाटेवर पडून त्याच्याकडे बघत राहायचा. "याले फेरता येत नाई," एवढंच एकदा म्हणाला.

मग निरोप आला, साहेब उद्या येणार. सकाळी बघते तर आशाबाई पडक्या भिंतीसमोर बसून अंगण सारवते आहे. खोकते आहे आणि सारवते आहे. उंबऱ्याशी रांगोळीही काढलेली. माझं डोकंच फिरलं.

"बाई, काऊन सारवता? पडलेलं दिसू द्या ना त्याले."

"घर पडलं, रंजीता," ती म्हणाली. "आंगन तं आपलंच आहे. मानूस दाराशी येऊन राह्यला."

मला वाटलं, नथ्थूभाऊ तरी तिला थांबवेल. तो उठला आणि तिच्यासाठी बादलीभर पाणी घेऊन आला.

साहेब आले, सारवलेल्या अंगणात उभे राहिले. फोटो काढला. सध्या कुठे राहता, असं विचारलं. नथ्थूभाऊनं सरळ माझ्या घराकडे बोट दाखवलं. साहेबांनी स्लॅबकडे पाहिलं आणि मोबाइलमध्ये काहीतरी भरलं. ते घर माझं आहे, हे दोघं फक्त आसऱ्याला आहेत, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. ते हो म्हणाले. पण मोबाइलवर त्यांचं बोट आधीच फिरून गेलं होतं, आणि हे दोघं पक्क्या घरात राहतात अशी नोंद झाली असेल, याची मला फार भीती वाटली. नथ्थूभाऊ मात्र त्यांना चहा घेऊन जा म्हणून आग्रह करत होता.

ते गेले तसं अंगणात त्यांच्या बुटांचे ठसे उमटलेले दिसले. आशाबाई खाली बसली आणि तेवढी जागा तिनं पुन्हा सारवून घेतली.