जमिनीसकट घर

प्रल्हाद रंगारीला सल्ला कोणी दिला, असं विचारलंत तर माझं नाव घ्यावं लागेल. म्हणून हे मीच लिहितोय. दुसरा कोणी लिहायला बसला तर मला सांभाळून घेईल. आमच्या इथल्या मराठी मंडळात एकमेकांना सांभाळून घ्यायची फार वाईट खोड आहे.

प्रल्हाद डेट्रॉइटच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होता. १९७९ साली माझ्या बायकोचं, पद्मजाचं, रक्त घ्यायला आला. चिठ्ठीवरचं आडनाव वाचून त्याने मराठीतच हात पुढे करायला सांगितलं, आणि तिथून ओळख झाली. मूळचा उमरेडकडच्या एका खेड्यातला, शिक्षण नागपूरला. अंगाने काटकुळा, बोलणं हळू, काम चोख. आम्ही शहराबाहेर, ट्रॉय या उपनगरात राहायचो. माझी मोटारीच्या कंपनीत नोकरी, घराला दोन गाड्यांचं गॅरेज, आणि त्याला साजेशी अक्कल. प्रल्हाद आणि त्याची बायको शीला हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. त्या गल्लीत सगळी काळ्या लोकांची कुटुंबं आणि एक रंगारींचं. तिथे सेफ वाटतं का, असं आम्ही ट्रॉयवाले त्याला दर भेटीत विचारायचो. शेजारी चांगले आहेत, एवढंच तो सांगायचा.

एक्याऐंशी सालापासून हॉस्पिटलच्या आसपासची घरं भराभर विकली जाऊ लागली. बाहेरचा कोणीतरी घर विकत घ्यायचा, भाडेकरूंना बाहेर काढायचा आणि घर पाडून तिथे पार्किंग करायचा. प्रल्हादच्या खालच्या मजल्यावर लुएला ग्रिग्ज नावाच्या निवृत्त शिक्षिका राहत. त्यांनी चर्चच्या तळघरात सभा घेतली आणि गल्लीतल्या लोकांचा ट्रस्ट काढला. योजना सोपी होती. जमीन ट्रस्टची, ती कधीच विकायची नाही. तिच्यावरचं घर राहणाऱ्याच्या मालकीचं. जमिनीचा करार नव्याण्णव वर्षांचा. जमिनीची किंमत मोजावी लागत नसल्यामुळे घर साध्या पगारात बसायचं. पुढे विकायचं झालं तर ठरलेल्या भावात ट्रस्टलाच द्यायचं, म्हणजे पुढच्यालाही ते परवडेल. या सभांचा वृत्तान्त प्रल्हाद लिहायचा. सह्या गोळा करायला तो दारोदार हिंडला. शीला म्हणायची, जेवतानासुद्धा दुसरा विषय नसतो.

ब्याऐंशीच्या मे महिन्यात ट्रस्टची पहिली सहा घरं तयार झाली आणि त्यातलं एक रंगारींच्या वाट्याला आलं. शीलाने खिडक्यांची मापंही घेतली. सही करायच्या आदल्या रविवारी प्रल्हाद कराराचे कागद घेऊन आमच्याकडे आला. नव्या माणसाने घराचे कागद घेऊन माझ्याकडे यायचं, असा आमच्यात रिवाजच पडला होता. मी दोन घरं घेतली होती, तेवढ्यावर मी मंडळाचा बिनपगारी वकील झालो होतो. पहिलं पान वाचून मी हसलो.

"जमीन तुझी नाही? मग घर कशाला घेतोस, तंबू घे."

प्रल्हाद हसला नाही. त्याने सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. छप्पन साली त्याच्या वस्तीने धम्मदीक्षा घेतली आणि गावातली मेलेली गुरं ओढायचं बंद केलं. वस्तीतली घरं ज्याची त्याची होती, पण जागा पाटलाच्या नावावर. पाटलाने जागा मोकळी करायला सांगितलं. प्रल्हादच्या वडिलांनी घराचे वासे आणि चौकट उतरवून बैलगाडीत घातली आणि दोन कोसांवर नाल्याकाठी नेली. प्रल्हाद तेव्हा सहा वर्षांचा होता.

"बाबा म्हणाले होते, कधी घर घेतलंस तर खालच्या मातीसकट घे," तो म्हणाला.

इथे मी विचारायला हवं होतं, की अरे, या ट्रस्टमध्ये पाटील कोण आहे? ट्रस्टच्या कारभारात घरवाल्यांची मतं होती, प्रल्हाद स्वतः सभासद होता. चौथ्या पानावर ते स्वच्छ लिहिलेलं होतं. पण मी चौथ्या पानापर्यंत गेलोच नाही. तुझे बाबा शहाणे आहेत, त्यांचं ऐक, असं सांगून मी चहा मागवला.

त्याने सही केली नाही. मिसेस ग्रिग्ज जिना चढून विचारायला आल्या, तर घरगुती अडचण आहे एवढंच म्हणाला. त्यांच्या आजोबांनाही जॉर्जियातल्या कापसाच्या शेतावरून रातोरात हाकललं होतं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. प्रल्हादने पाटलाची गोष्ट त्यांना सांगितली असती तर त्यांनी पाच मिनिटांत त्याची समजूत घातली असती. पण ती गोष्ट परक्यांना सांगायची त्याला लाज वाटली. ज्याने हाकललं त्याला लाज नाही आणि ज्याला हाकललं तो जन्मभर लपवत फिरतो, याचा मला अजून संताप येतो. ते घर एका बसड्रायव्हरच्या कुटुंबाला मिळालं. शीला नवऱ्याशी आठवडाभर बोलली नाही.

पुढच्याच वर्षी दोन गल्ल्या पलीकडचं एक घर विकायला निघालं. मालक म्हणाला, घर आणि जमीन, दोन्ही घ्या. त्या भागात राहणाऱ्यांना बँका कर्ज देत नसत, म्हणून हप्ते मालकालाच द्यायचे होते. पुन्हा कागद माझ्याकडे आले. पहिल्या ओळीत घर आणि जमीन दोन्ही पाहून मी म्हटलं, उद्याच साइन कर. त्या कागदालाही पुढची पानं होती. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर आणि जमीन दोन्ही मालकाच्याच नावावर राहतील, असं त्यात होतं. आमचं घराणं गावच्या कुलकर्ण्यांचं. कोणती जागा कोणाच्या नावावर, हे लिहूनच आमच्या सात पिढ्या जेवल्या. आणि मला तेवढंच बघायचं सुचलं नाही.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. प्रल्हादने ताक टाकून दिलं आणि मी त्याला पुन्हा कढत दूध दिलं.

साडेतीन वर्षं त्याने ते घर जपलं. छत दुरुस्त केलं, मागच्या अंगणात वांगी आणि मेथी लावली. एकही हप्ता चुकवला नाही. शहाऐंशीच्या नोव्हेंबरात दारावर बँकेची नोटीस लागली. मालकाने त्या घरावर आधीच कर्ज काढलेलं होतं, प्रल्हादचे हप्ते खिशात घालून ते त्याने बुडवलं आणि तो पसार झाला. वकील म्हणाला, कागदोपत्री तुम्ही या घराचे कोणीच नाही. बँकेने घर विकलं. फेब्रुवारीत तिथे पार्किंग झालं.

सामान हलवायला मी गेलो होतो. खोकी बांधता बांधता म्हटलं, चूक माझी आहे.

"वाचता मलाही येतं, उल्हासभाऊ," तो म्हणाला. "जमीन दिसली आणि पुढचं काही दिसलंच नाही."

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं बेसमेंट रिकामं होतं, तिकडे चला म्हणालो. शीलाने नको म्हटलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी दोन खोल्या घेतल्या. दोन बस बदलून तो लॅबला जायचा. आमच्याकडे येणं कमी झालं, मग थांबलं. मिसेस ग्रिग्जना तोंड दाखवायला नको म्हणून तो जुन्या गल्लीवरून जातही नसे.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात शीलाचा फोन आला. ट्रस्टचं एक घर रिकामं होत होतं. नोटीस लागली त्याच आठवड्यात तिने नवऱ्याला न सांगता ट्रस्टच्या यादीत नाव घातलं होतं, आणि आता नंबर लागला होता. मी म्हटलं, रविवारी कागद घेऊन या, या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचतो.

"नको, भाऊ," ती म्हणाली. "मी आणि मिसेस ग्रिग्जनी तीन दिवस संध्याकाळी बसून सगळं वाचलंय. तुम्हाला नुसतं कळवलं."

मी विचारलं, सही दोघांची ना?

"माझी एकटीची. हे राहायला येतील. पण माझं नाव घालू नको म्हणाले. म्हणाले, माझ्या नावावर घर टिकत नाही."

त्याच्या नावावर घर कधी झालंच नव्हतं. तेवढं मी तिला सांगू शकलो असतो. सही कोणत्या दिवशी, एवढंच विचारून मी फोन ठेवला.