सोयरीक बघून फिटणारी कर्जं

व्याजदर चढायला लागले की आमच्या ऑफिसात सगळ्यांचे चेहरे सुतकी. मी छत्रपती संभाजीनगरात, घरासाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीत आहे. वाळूजचे कामगार, फुलंब्रीचे मास्तर, वेरूळचे दुकानदार, अशांची कर्जं एकत्र बांधायची आणि त्या गठ्ठ्यावर रोखे काढायचे, हे माझं काम. लोक हप्ते भरतात, ते पैसे रोखेवाल्यांना जातात. आमच्या कर्जांचा दर ठरलेला. बाजारात दर चढले की आमच्या कमी व्याजाच्या रोख्यांना कुत्रं विचारत नाही, भाव पडतो. आणि त्यातले बरेच रोखे कंपनीनं स्वतःकडंच ठेवलेले!

त्यावर उपाय म्हणजे हेजिंग. बँकेशी करार करायचा. दर चढले तर बँक आम्हाला पैसे देणार, उतरले तर आम्ही बँकेला. रोख्यात गेलेलं करारात भरून निघतं.

पुण्याच्या हेड ऑफिसातले साहेब म्हणाले, "सगळ्या गठ्ठ्याला पूर्ण मुदतीचं हेजिंग करा. दर चढतायत, स्वस्तातलं कर्ज आत्ता कोण लवकर फेडणार?"

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "साहेब, तुमच्याकडं लोक दर बघून कर्ज फेडत असतील. आमच्याकडं सोयरीक बघून फेडतात."

खरंच आहे ते. पोरीला स्थळ आलं की पाव्हणे चहा पिता पिता हळूच विचारतात, "घरावर बोजा हाय का?" व्हय म्हणायची बापाला लाज वाटते. मग तो प्लॉट विकतो, चुलते-मामा हातभार लावतात, आणि मांडव पडायच्या आधी कर्ज साफ. कर्ज संपतं, पण त्यावरचा करार चालूच राहतो, आणि दर उतरले की बँकेला पैसे मोजायचे. म्हणजे वऱ्हाड गेलं तरी मांडवाचं भाडं भरत बसायचं! म्हणून मी हट्ट धरला, की अर्ध्याच गठ्ठ्याला आणि कमी मुदतीचं हेजिंग करू.

साहेब वैतागले. "ठीक आहे, तुमच्या गठ्ठ्यापुरतं तुमचं ऐकतो. पण चुकलात तर हे काम पुण्याला येईल, आणि तुम्हीही. आईंनाही घेऊन या, पुण्यात काय नाही?"

घरात मी आणि आई, दोघीच. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू जा बाई. मी नाय हे घर सोडायची."

पुढं दर आणखी चढले. मी मोकळ्या सोडलेल्या अर्ध्या गठ्ठ्याचा भाव पडत गेला. पुण्याहून फोन यायचा, "काय मॅडम, सामान बांधलं का?" मी वरून हसायचे आणि आतून जळायचे.

मग लग्नसराई आली. एकेक बाप काउंटरवर हजर, हातात पेढे. "ताई, घराचे कागद द्या, पोरीचं जमलं!" फिटलेल्या कर्जाचे पूर्ण पैसे हातात आले, त्याच्या पडलेल्या भावाचा प्रश्नच मिटला. त्या पोरींच्या मावशांनाही झाला नसेल एवढा आनंद मला झाला. त्यानंतर दर उतरायला लागले. बाकीच्या शाखांतही कर्जं अशीच फिटली होती, पण त्यांचे करार पूर्ण मुदतीचे. ते बँकेला पैसे मोजत बसले. आमच्याकडं जेवढी कर्जं उरली, तेवढाच करार उरला. हातच्या काकणाला आरसा कशाला! जिंकले हो, चक्क जिंकले!

वरून निरोप आला तशी मी ऑफिसातूनच घरी फोन लावला.

"आई, बदली झाली."

आई म्हणाली, "तुला एकटीला कशी धाडू? कवा निघायचं?"

"आपल्याला नाही गं! साहेबांची झाली. सगळ्या शाखांचे गठ्ठे आता इथंच बांधायचेत, माझ्या हाताखाली. तेच येतायत इकडं."

"अगं बाई!" आईला हसू आवरेना. "मग त्यांना म्हणावं, आईलाबी घेऊन या. इथं काय नाय?"